सोलापूरच्या अंगणातल्या पाखरांसाठी जाहीर आवाहन

सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस, दुपारी अडीचच्या सुमारास, आमच्या गच्चीवर पत्र्याच्या सावलीत एक होला बसलेला दिसला. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, गळा धपापत होता. मी अगदी दोन हातांवर गेलो तरी तो उडाला नाही. त्याच्या शेजारीच मी सकाळी टाकलेली ज्वारी पडली होती, चांगली ओंजळभर. तिच्याकडे तो बघतही नव्हता. पाण्याचा परळ मात्र कोरडा ठणठणीत होता. सकाळी भरला होता, नंतर पुन्हा भरायचं मला सुचलं नव्हतं. मी धावत पाणी आणलं. होला उतरला, चोच बुडवली आणि मान वर न करता कितीतरी वेळ पीत राहिला.

त्या दुपारपासून एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. पाखरांना दाणे घालण्याची आपली माया खरी आहे, पण ती आपण न बघता करतो. कोणाला काय हवं आहे, कधी हवं आहे, आपण टाकलेलं कोण खातं, हे पाहायला आपण थांबत नाही. म्हणून हे आवाहन.

पहिली विनंती पाण्याची. आपल्या गावचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगावा! पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि डांबर चपलेला चिकटतं. पाखरांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून, धापा टाकून ती अंगातली उष्णता बाहेर काढतात आणि त्या प्रत्येक श्वासाबरोबर पाणी गमावतात. किडे किंवा फळं खाणाऱ्यांना खाण्यातूनच बरंच पाणी मिळतं. होला, चिमणी, मुनिया यांच्यासारख्या दाणे टिपणाऱ्यांना ते मिळत नाही, कारण दाणा कोरडा. त्यांना रोज पाण्यापर्यंत जावंच लागतं. म्हणजे ज्या पाखरांना आपण हौसेनं दाणे घालतो, त्यांचीच तहान सगळ्यांत मोठी असते.

परळ मातीचा, पसरट आणि उथळ घ्या. कडेला बोटभर आणि मध्ये दोन-तीन बोटं पाणी पुरे. खोल भांड्यात लहान पाखरं बुडतात, म्हणून मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, पाय टेकायला होतो. स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची वाटी उन्हात ठेवू नका, तासाभरात तिला हात लावून पाहा म्हणजे कारण कळेल. जागा सावलीची असावी आणि मांजराला दबा धरता येईल असं झुडूप अगदी लगत नसावं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाणी भरा, आणि रोज परळ नारळाच्या काथ्यानं घासा. पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर त्यात डास होतात आणि आपल्या मायेचं रूपांतर गल्लीतल्या डेंग्यूत होतं. शिवाय अनेक पाखरं एकाच घाण भांड्याशी आली की त्यांचे रोगही एकमेकांना लागतात. इंग्लंडमध्ये परसात दाणे-पाणी ठेवण्याची मोठी परंपरा आहे. तिथं ग्रीनफिंच नावाचा एकेकाळी बागेबागेत दिसणारा पक्षी गेल्या वीस वर्षांत अशाच एका घशाच्या रोगानं फार घटला. रोज परळ घासायला दोन मिनिटं लागतात.

आता दाण्यांबद्दल. हा भाग काहींना आवडणार नाही, तरी मी तो स्पष्ट लिहिणार आहे. चार वर्षं मी रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकत होतो, चिमण्यांसाठी म्हणून. पहिल्या वर्षी सात-आठ चिमण्या येत. तिसऱ्या वर्षी साठ-सत्तर कबुतरं येऊ लागली. चौथ्या वर्षी चिमणी एकही नव्हती आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीवर कपडे वाळत घालणं सोडून दिलं होतं. असं का झालं, हे मला पुढे वाचनातून आणि बघण्यातून कळलं. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरवते. नुसत्या ज्वारीवर तिची पिलं वाढत नाहीत. कबुतराचं तसं नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो आणि त्यावर पिलं पोसली जातात. किड्यांचा हंगाम असो वा नसो, दाण्यांचं पोतं उघडं असलं की कबुतर वर्षभर पिलं काढू शकतं. आपण पोत्यानं दाणे ओतले की चिमणीला फारसा फायदा होत नाही, कबुतर मात्र वाढत जातं. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा वाद झाला आणि ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, हे आपण सर्वांनी पाहिलं. कबुतराच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं काहींच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते, हे डॉक्टर सांगतात. कबुतरावर माझा राग नाही. पण चौकात, देवळासमोर, गच्चीवर किलो-किलोनं दाणे ओतणं थांबवा, अशी हात जोडून विनंती आहे.

मग घालायचंच नाही का? घाला, पण मूठभर. बाजरी, राळे, तांदळाची कणी, भरडलेली ज्वारी. अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढंच. उरलेलं झाडून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येतात. फरसाण, बिस्किटं, पाव, शिळा मसालेभात यातलं काहीही नको. पेरू, केळं किंवा पपई यांची एखादी फोड कुंपणाच्या खिळ्याला खोचून ठेवा, बुलबुल आणि साळुंक्या तिथं येतील. सातभाई किडे शोधायला पालापाचोळा उलटत फिरतात, म्हणून अंगणाचा एक कोपरा न झाडता ठेवा. दाण्यांच्या पोत्यापेक्षा तो कोपरा जास्त पाखरं पोसतो.

आपल्या जुन्या घरांना हे सगळं आपोआप जमत असे. शुक्रवार पेठेतलं आमचं आजोळ माळवदाचं होतं. आढ्याच्या लाकडात, भिंतीच्या भगदाडात, देवांच्या तसबिरींमागे चिमण्यांची काडी-कचऱ्याची घरटी असायची आणि जेवताना ताटात काडी पडली तरी आजी चिमणीला बोलत नसे. सुगीत आलेली शाळूची चार कणसं दाराच्या चौकटीला टांगलेली असत, ती कोणासाठी हे विचारावं लागत नसे. आपल्या गावात चिमणीला तीन नावं आहेत. आमच्याकडे चिमणी, कानडी शेजाऱ्यांची गुब्बच्ची, पूर्व भागातल्या तेलुगू घरांमधली पिच्चुक. तिन्ही भाषांमधल्या आयांनी तिच्या नावानं पोरांना घास भरवले आहेत.

माळवदं पाडून आपण स्लॅबची घरं बांधली. ती बांधायलाच हवी होती, पावसाळ्यात गळणाऱ्या माळवदाखाली मी झोपलेलो आहे. पण गुळगुळीत गिलाव्यात चिमणीला एक भोकही उरलं नाही, हेही खरं. यावर लाकडी पेटीचा उपाय आहे. तोंड सव्वा इंचाचं ठेवा. त्यापेक्षा मोठं केलं तर साळुंकी शिरते. पेटी जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, सावलीत, पंख्यापासून दूर लावा. लावल्यावर रोज डोकावून पाहू नका. पुठ्ठ्याचं खोकंही चालतं, मात्र पावसाच्या झडीपासून आडोसा हवा. शेजारी हातभर कोरडी मोकळी माती राहू द्या, चिमण्या तिच्यात धूळस्नान करतात. आणि जास्वंदीवर मावा दिसला की लगेच विषारी फवारा मारू नका. तुम्हाला तो मावा वाटतो, पण चिमणीच्या पिलांचं ते जेवण आहे.

20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस. त्याची सुरुवात 2010 मध्ये झाली आणि त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता. त्या दिवशी शाळाशाळांतून पेट्या वाटल्या जातात. मुख्याध्यापकांना एवढंच सांगणं आहे की पेटी दिलीत तर त्या मुलाला एक वहीही द्या, पेटीत कोण आलं ते लिहायला.

सोसायट्यांच्या आणि वाड्यांच्या मालकांना एक वेगळी विनंती. पावसाळ्याआधी म्हणून मे महिन्यात झाडांच्या फांद्या छाटण्याची जी मोहीम निघते, नेमके तेच कावळ्यांचे, बुलबुलांचे, होल्यांचे घरट्यांचे दिवस. शहरातलं झाड तोडायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच. धोक्याची फांदी असेल तर ती काढावीच लागेल, पण बाकीची छाटणी पाडव्यापूर्वी उरका, आणि कुऱ्हाड लावण्याआधी कोणाला तरी पाच मिनिटं झाडाखाली उभं करून वर बघायला सांगा. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका कडुनिंबाची अशी छाटणी झाली. संध्याकाळपर्यंत कावळ्याचं जोडपं त्या बोडक्या खोडाभोवती ओरडत फिरत होतं आणि खाली पडलेल्या पिलांना मांजरांनी नेलं होतं. नवीन झाड लावायचं असेल तर उंबर, कडुनिंब, पांगारा, शेवगा, बोर यांतलं लावा. जागा नसेल तर कुंपणाला मेंदी लावा. बुलबुल तिच्यात घरटं करतो.

बुलबुलाचं पिलू नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतं. अंगावर पिसं असलेलं, डोळे उघडे असलेलं असं पिलू जमिनीवर दिसलं तर घरात आणून दूध पाजू नका. ते हरवलेलं नसतं. आईबाप जवळच असतात, तुम्ही दूर झालात की भरवायला येतात. फार तर उचलून झुडपात ठेवा; माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिलाला टाकतात, ही समजूत बरोबर नाही. आणि कोणी हौसेनं पिंजऱ्यात पोपट ठेवला असेल तर त्याला प्रेमानं पण ठामपणे सांगा, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीत, नायलॉन मांजाचं रीळ मुलाच्या हातात देऊ नका. पाखराच्या पंखात तो अडकला की पाखरू धडपडतं, आणि जितकं धडपडतं तितका तो कापत जातो.

आता माझी मुख्य विनंती. वेळ द्या. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, पंधरा मिनिटं. खुर्ची घ्या, चहा घ्या, मोबाइल आत ठेवा आणि अंगणात किंवा गॅलरीत बसून कोण येतं ते वहीत लिहा. नाव माहीत नसेल तर रंग लिहा, शेपटी लिहा, काय करत होता ते लिहा. पहिल्या रविवारी चार पाखरं दिसतील. तिसऱ्या महिन्यात वीस होतात. पाखरं तितकीच असतात, आपल्याला बघता येऊ लागतं. होला मान खाली ठेवून पाणी ओढतो आणि साळुंकी घोट घेऊन मान वर करते, हे कळतं. काळा-पांढरा दयाळ चैत्रात केबलच्या तारेवर बसून गाऊ लागतो. शिंपी पानं शिवतो, अक्षरशः शिवतो. जांभळ्या सूर्यपक्ष्याच्या नराचा चमकदार रंग विणीनंतर उतरतो आणि गळ्याखाली एक गडद पट्टी तेवढी उरते. हुरड्याच्या दिवसांत शेतावर गेलात तर भोरड्यांचे थवे बघा. शाळूच्या राखणदाराला त्या गोफण घ्यायला लावतात, हे खरं. पण त्या थेट मध्य आशियातून येतात, आणि पिकावरचे किडे-टोळही त्याच खातात.

ही वही फक्त तुमच्यासाठी नाही. 1998 पासून दर फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पाखरांची गणना होते. ती अमेरिकेत सुरू झाली, आता जगभर आणि भारतातही होते, आणि तिच्यात कोणीही पंधरा मिनिटांची नोंद देऊ शकतं. अशाच साध्या माणसांच्या सुमारे 3 कोटी नोंदींवर 2023 चा भारतातल्या पक्ष्यांचा अहवाल उभा आहे. त्यात 942 जातींची स्थिती तपासली आहे. कोणता पक्षी घटतो आहे आणि कोणता वाढतो आहे, हे आज देशाला कळतं ते कोणाच्या तरी अंगणातल्या वहीमुळे. सोलापूरच्या गल्ल्यांमधल्या वह्या त्यात हव्यात.

हे गाव मारुती चितमपल्लींचं आहे. 5 नोव्हेंबर 1932 ला ते इथं जन्मले, आयुष्य विदर्भाच्या जंगलात काढलं, पाखरांची लोकांच्या तोंडची नावं गोळा करून 'पक्षीकोश' दिला, आणि 18 जून 2025 ला इथंच त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या वाढदिवसापासून पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या 12 नोव्हेंबरच्या वाढदिवसापर्यंत राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात भाषणं ठेवा, पण त्याआधी आपल्या वॉर्डातल्या पाखरांची यादी करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारून कानडी, तेलुगू, उर्दू, मराठी नावं तिच्यात लिहा.

आपल्या जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं. आज तिथं एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. माळढोक वाचवणं तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातचं नव्हतं. अंगणातल्या चिमणीचं, होल्याचं, बुलबुलाचं तसं नाही.

तेव्हा या पाडव्याला कुंभाराकडून एक परळ आणा. सावलीत ठेवा, पाणी भरा, शेजारी वही ठेवा. पाखरं पहिल्या दिवशी येत नाहीत, जागेची खात्री पटायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर पाणी रोज बदलत राहा.

आपला,
सोलापुरातला एक शेजारी