वेठ कुणाची?

२०२१-२२ च्या एसटी संपात वृत्तपत्रांतून एक मथळा वारंवार दिसे: 'प्रवासी वेठीला'. मराठीच्या अध्यापकांनी तरी हा शब्दप्रयोग निमूटपणे स्वीकारू नये, असे आम्हांस वाटते. वेठ म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करवून घेतलेले काम. पगार थकल्याने कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या त्याच पानांवर येत होत्या. महामंडळ शासनात विलीन करा, असे म्हणणारा वाहक वेठीला धरणारा ठरत असेल, तर शब्दाचा अर्थच उलटा झाला म्हणायचा!

हाल झाले, हे आम्ही नाकारत नाही. करोनानंतर महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली आणि आठवड्याभरात संपाला तोंड फुटले. कारेगावाहून शिरूरला, पुण्याला शिकायला जाणारी मुले सवलतीचा पास दप्तरात ठेवून वडापला रोख पैसे मोजू लागली. जिथे तेवढे पैसे नव्हते, तिथे पहिली गदा मुलींच्या शिक्षणावर आली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, ती याच रस्त्याने. जिच्यावाचून शिक्षण अडते ती सेवा तोट्यात खितपत ठेवायची आणि अडले की बोट मात्र चालकाकडे!

उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्यास सांगितले; विलीनीकरण झालेच नाही. व्यावहारिक मराठीच्या तासाला तो मथळा फळ्यावर लिहावा आणि त्यातला गाळलेला कर्ता विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावा.