पीक, पिकाला आणि पोरांचं शुद्धलेखन

पोराच्या वहीत तांबड्या रेघा दिसल्या की आपला हात उठतो. तो आवरा. पीक पिवळं पडलं तर आपण पिकाला बडवत नाही, मुळाशी काय झालंय ते बघतो.

'पीक' दीर्घ, पण 'पिकाला' ऱ्हस्व. 'ऊस' दीर्घ, 'उसाला' ऱ्हस्व. 'कीड' आणि 'किडीला' यांचंही तेच. बोलताना हा फरक कानाला नीट कळत नाही. मग पोरानं ओळखायचा कसा? तो डोळ्यांनीच शिकावा लागतो. खताची गोणी, बियाण्याची पिशवी, सातबारा समोर ठेवा. रोज पाचच शब्द. वाचू द्या, झाकून लिहू द्या, मग त्यालाच ताडून पाहू द्या. आईबापाला लिहिता येत नसलं तरी हे जमतं.

एवढं करूनही तिसरी-चौथीतलं हुशार पोर अक्षरं गाळत असेल, तर आधी डोळे-कान तपासून घ्या, मग गुरुजींशी बोला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, तर परीक्षेत सवलत मिळते. शाळा व्यवस्थापन समितीवरच्या ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या शाळेत अशी मुलं किती, हे पुढच्या बैठकीत विचारावं.