आधी ब्रिज, मग रंग

जुन्या धाटणीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली की बहुतेकांच्या डोक्यात आधी रंग घोळू लागतो. मध्यभागी पिवळा आणि कडांना लाल होत जाणारा रिकनबॅकरचा ‘फायरग्लो’ किंवा फेंडरचा सनबर्स्ट कुणालाही भुरळ घालील. तरीही माझा आग्रह आहे की पहिला खर्च ब्रिजवर करावा आणि रंगाचं काम शेवटी काढावं.

ही वाद्यं नावारूपाला आली ती आवाजामुळे. फेब्रुवारी १९६४मध्ये न्यूयॉर्कला गिटारवादक जॉर्ज हॅरिसनच्या हाती रिकनबॅकर ३६०/१२ आली आणि त्याच वर्षी ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटातून ती जगभर ऐकू गेली. तो चित्रपट पाहून रॉजर मॅग्विनने तीच गिटार घेतली. १९६५मध्ये त्याच्या बँडच्या, म्हणजे ‘बर्ड्‌स’च्या ‘मिस्टर टँबोरिन मॅन’मध्ये तिचा खणखणाट घुमला.

त्या खणखणाटाचं मर्म तारांच्या जोड्यांत आहे. बारीक तारांच्या दोन जोड्या एकाच स्वरात लागतात. उरलेल्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा सप्तकभर वर असते. तंबोऱ्याची जोड किंचित उतरली तरी कान टोचतो. इथे तर अशा सहा जोड्या आहेत आणि त्या प्रत्येक फ्रेटवर जुळायला हव्यात.

अडचण नेमकी इथेच येते. जाड तारेला सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तार टेकण्याचा तुकडा, जरा मागे लागतं, तिच्या जोडीदार बारीक तारेला पुढे. रिकनबॅकरच्या नेहमीच्या ब्रिजवर सहाच सॅडल असतात, म्हणजे दोन तारांना एकच जागा. मोकळ्या तारा सुरेल लागतात, पण वरच्या फ्रेटवर जोडी फाटते. फेंडरने १९६५च्या ‘इलेक्ट्रिक १२’मध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल दिलं होतं. रिकनबॅकरसाठीही बारा सॅडलचा ब्रिज मिळतो. पहिली सुधारणा हीच करावी.

त्यानंतर नट, म्हणजे गिटारीच्या मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी. रिकनबॅकरवर जाड तार आधी आणि सप्तकाची तार नंतर असते. इतर बहुतेक बारा तारी गिटारींवर याच्या उलट. हा क्रम बदलायचा असेल तर खाचा नव्याने कापलेला नट लागेल, कारण बारीक तार रुंद खाचेत बसली की खडखडते.

हे झाल्यावर खुशाल रंगाला हात घाला. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा प्रत्येक नवा थर खालच्या थरात विरघळून एकजीव होतो, म्हणून तो पातळ देता येतो आणि पुढे डागडुजीही सोपी जाते. मात्र तो पुरता कडक व्हायला काही आठवडे जातात. घाईने पॉलिश केलं तर पृष्ठभाग पुढे आकसतो. त्याची वाफ ज्वालाग्राही आणि विषारी असते, त्यामुळे मोकळी हवा आणि योग्य मास्क हवाच. मान स्क्रूने बसवलेली असेल तर तिची खोबण चिकटपट्टीने झाका. तिथे रंग साचला तर मान नीट बसत नाही आणि तारांची उंची बिघडते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. हा खटाटोप नव्याने बनवलेल्या, जुन्या धाटणीच्या गिटारीवरच करा. साठच्या दशकातलं अस्सल वाद्य हाती आलं तर त्याचा मूळ रंग, मग तो कितीही उडालेला असो, खरवडू नका. ब्रिज बदललात तर जुना जपून ठेवा. तो केव्हाही परत बसवता येतो. खरवडलेला रंग परत येत नाही.