भात्यासाठी कातडं वर्गात आलं तर बिघडलं कुठे?



स्नेहसंमेलन जवळ आलं की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या शाळांमध्ये राम आणि एकलव्य तयार होतात. त्यांच्या पाठीवरचा भाता म्हणजे बहुतेक वेळा पुठ्ठ्याची नळी आणि वर चकचकीत कागद. कार्यक्रम संपला की तो कचऱ्यात जातो. माझं म्हणणं असं की, कार्यानुभवाच्या तासाला एकदा तरी मेंढीच्या कमावलेल्या, केसाळ कातड्याचा खरा भाता मुलांकडून करून घ्यावा.

कृती अवघड नाही. तोंडाचा व्यास ८ सेंमी धरला तर घेर साधारण २५ सेंमी येतो. शिवणीसाठी २ सेंमी जादा, म्हणजे २७ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी उंच तुकडा. मुलांनी हा घेर आधी डब्याला दोरी गुंडाळून मोजावा. केसांचा कल खाली ठेवायचा, म्हणजे पाणी ओघळून जातं. भोकं आरीने मोठ्यांनीच पाडून द्यावीत. मुलांनी मेण लावलेला जाड दोरा ओवावा. तळाला कातड्याची गोल चकती, खांद्यावरून पट्टा, आणि बाण बोथट. कच्चं कातडं मात्र आणू नये. हरीण, बिबट्या अशा प्राण्यांचं कातडं तर नाहीच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हेही याच तासाला सांगता येतं.

भाषेचा पाठही यातच होतो. बाणांचा भाता आणि लोहाराचा भाता, शब्द एकच आणि दोन्हींना कातडं लागायचं. पैसा कमावतात, शरीर कमावतात आणि कातडंही कमावतात. मीठ-तुरटी किंवा हिरडा, बाभळीची साल वापरून कुजणारी वस्तू टिकाऊ करायची, हे किती कौशल्याचं काम! मुलांना हे क्रियापद कळलं की त्यामागची मेहनतही कळते.

आमच्या चौथीच्या वर्गात हा उपक्रम घेतला तेव्हा एका पालकांनी विचारलं, "बाई, मुलांच्या हातात चामडं कशाला?" खरा प्रश्न इथेच आहे. परिपाठाला वाजणारी ढोलकी चामड्याची, साहेबांचा पट्टा चामड्याचा, कोल्हापुरी चप्पल तर आपण कौतुकाने मिरवतो. मग चामडं मुलाच्या हातात आलं की विटाळ कसा होतो?

कुणी म्हणालं, "आम्हाला प्राण्याची हत्या पटत नाही," तर तो विचार मी मानते. त्या मुलाला गोणपाट किंवा जुन्या जीन्सचं कापड द्यावं. माप आणि शिवण तीच राहते. पण 'ते काम आपलं नव्हे' हे कारण असेल, तर शिक्षकाने गप्प बसू नये. आपण शाळेत संत रोहिदास जयंती साजरी करतो. ते चर्मकार होते हे भाषणात सांगतो. फोटोला हार घालायचा आणि त्यांच्या कामाला हात लावायचा नाही, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

शक्य असेल तर स्टेशनजवळ बसणाऱ्या एखाद्या चर्मकार काकांना तासाभरासाठी वर्गात बोलवा. त्यांच्या रोजगाराचे पैसे द्या, खुर्ची द्या, आणि मुलांना त्यांना 'सर' म्हणू द्या. आरी कशी धरायची हे आपल्यापेक्षा ते नक्कीच चांगलं शिकवतील. आणि ज्या वर्गात काकांचं पोरगं बसतं, त्या दिवशी ते मान वर करून बसेल.