नोंदवही कोणाच्या हाती?

फौजदारी खटल्यात साक्षीदाराला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "हे तुम्ही तेव्हाच का सांगितले नाही?" एरवी हा प्रश्न रास्तच असतो. विलंबाने दिलेल्या जबाबात कल्पनेची आणि सूडबुद्धीची भर पडण्याचा संभव असतो, हे न्यायालयांनी अनुभवातून ठरविले आहे. परंतु साक्ष खुद्द पोलिसांच्या वर्तनाविषयी असेल, तर तेव्हाच सांगणे म्हणजे ज्याच्याविरुद्ध सांगायचे त्याच्यापुढेच जाऊन सांगणे होय. दिल्लीतील १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात न्यायाला जो विलंब झाला, त्याचे एक मूळ या विसंगतीत आहे.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि त्यानंतरच्या काही दिवसांत एकट्या दिल्लीत, सरकारी गणनेनुसार, २,७३३ शीख मारले गेले. त्रिलोकपुरी, सुलतानपुरी, मंगोलपुरी या वस्त्यांतून बचावलेल्यांनी, विशेषतः विधवांनी, जे सांगितले ते पोलिस हजर नव्हते एवढेच नव्हते. स्वसंरक्षणासाठी एकत्र जमलेल्या शिखांना पोलिसांनीच घरी परतण्यास सांगितले, त्यांची शस्त्रे काढून घेतली, आणि मग जमावाला रान मोकळे मिळाले, अशी त्यांची तक्रार होती. २००५ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या नानावटी आयोगाच्या अहवालातही याची दखल आहे. पोलिसबळ अपुरे होते, हा बचाव सर्वत्र लागू पडत नाही. चांदनी चौकातील सीसगंज गुरुद्वाऱ्यापाशी मॅक्सवेल परेरा या पोलिस अधिकाऱ्याने उपलब्ध शिपायांनिशी जमाव रोखला आणि वेळ येताच गोळीबाराचा आदेश दिला. म्हणजे इच्छा होती तेथे कायदा राखता आला.

हिंसाचार शमल्यावर दुसरे काम सुरू झाले, ते कागदावरचे. प्रत्येक हत्येची स्वतंत्र फिर्याद नोंदविण्याऐवजी असंख्य घटना एकेका फिर्यादीत कोंबण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नेमलेल्या न्या. धिंग्रा पथकाला सुलतानपुरी ठाण्याच्या एकाच फिर्यादीत ४९८ घटना आढळल्या. तपास अधिकारी मात्र एकच होता. दिल्लीत नोंदलेल्या ५८७ गुन्ह्यांपैकी २४१ गुन्हे तर आरोपींचा माग लागत नाही, अशा शेऱ्याने बंद झाले. कुसुमलता मित्तल यांच्या १९९० च्या अहवालाने ७२ पोलिसांवर ठपका ठेवला. पण त्यातील शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या.

अर्थशास्त्रात एखाद्या वस्तूची टंचाई दिसली, की तिची किंमत कोणाला मोजावी लागते हे प्रथम पाहावे लागते. साक्षीचेही तसेच आहे. विधवेने साक्ष द्यायची तर रोजगार बुडतो, शेजारच्या धमक्या ऐकाव्या लागतात आणि आयोगामागून आयोगापुढे तेच दुःख पुन्हा उगाळावे लागते. उलट, नोंद न करणाऱ्या फौजदाराला त्या मौनापायी काहीच गमवावे लागत नाही. अशा व्यवहारात साक्षीदार दुर्मिळ होणारच. 'साक्षीदार मिळत नाहीत' ही तक्रार करणाऱ्या यंत्रणेनेच ही टंचाई निर्माण केलेली असते.

१७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने पालम कॉलनीतील राजनगर भागातल्या पाच हत्यांच्या प्रकरणी माजी खासदार सज्जनकुमार यांची २०१३ मधील निर्दोष मुक्तता रद्द केली व त्यांना जन्मठेप दिली. विलंबाचा आक्षेप तेथेही होताच. तरीही प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांच्या सांगण्यावर न्यायालयाने विश्वास ठेवला आणि पोलिसांच्या तपासावर कठोर ताशेरे ओढले. मात्र या निकालासाठी साक्षीदारांना ३४ वर्षे टिकून राहावे लागले. जे तेवढे जगले नाहीत, त्यांची साक्ष त्यांच्याबरोबरच गेली.

हा दिल्लीपुरता प्रश्न आहे, असे महाराष्ट्राने मानण्याचे कारण नाही. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला होता.

पोलिसांवर अशी नजर ठेवल्यास त्यांचे मनोधैर्य खचेल, असे सांगितले जाते. परंतु ज्याने जमाव रोखला आणि ज्याने पाठ फिरविली, त्या दोघांची नोंद सारखीच राहिली, तर खचते ते प्रामाणिक पोलिसाचेच मनोधैर्य. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाशसिंह खटल्यात पोलिस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. आता त्यापुढचे पाऊल हवे. सामूहिक हिंसाचारात पोलिसांविरुद्ध तक्रार असेल, तेथे पहिला जबाब दंडाधिकाऱ्याने किंवा स्वतंत्र प्राधिकरणाने, घटनेनंतर काही दिवसांच्या आत, निर्वासित छावणीत स्वतः जाऊन नोंदविला पाहिजे आणि त्याची प्रत साक्षीदाराच्या हाती दिली पाहिजे. असे झाले, तरच 'तेव्हाच का सांगितले नाही' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार न्यायव्यवस्थेला उरेल.