‘चेंडूला आधी पाय लागला’ हे नडगीच्या हाडाला कळत नाही

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने आपल्याकडे शनिवार-रविवारी रात्री अनेक घरांत पाहिले जातात. एखादा खेळाडू घसरत येऊन समोरच्याच्या पायावर आदळला की वाद सुरू होतो. लाल कार्ड की पिवळे? या वादात तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘त्याचा तसा हेतू नव्हता.’ ‘चेंडूला आधी पाय लागला.’ ‘समोरचा तर उठून खेळायलाही लागला!’ आणि उलट बाजूने चौथे वाक्य येते: ‘पाय मोडला ना? मग लाल कार्डच.’

डॉक्टर म्हणून मला ही चारही वाक्ये चुकीची वाटतात. टॅकल किती धोकादायक होते, याचे उत्तर यांपैकी एकाही वाक्यातून मिळत नाही. का, ते आज पाहू या.

नियम काय सांगतो?

फुटबॉलचा बारावा नियम फाउलच्या तीन पायऱ्या सांगतो. निष्काळजीपणा असेल तर फक्त फ्री किक. बेफिकिरी असेल तर पिवळे कार्ड. अवाजवी जोर वापरला असेल किंवा प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेला धोका निर्माण केला असेल तर लाल कार्ड. शब्द नीट वाचा. ‘इजा झाली तर’ असे तिथे म्हटलेले नाही, ‘मुद्दाम केले तर’ असेही नाही. चेंडू आधी लागल्यास माफी, अशीही सवलत नाही. कसोटी एकच: धोका निर्माण केला का? नियम शहाणा आहे. घोळ होतो तो अंमलबजावणीत आणि आपल्या वादांत.

पाय का मोडतो?

आपली नडगी हाताने चाचपून पाहा. पुढच्या बाजूला त्वचा आणि लगेच हाड, मध्ये स्नायूची गादी नाही. म्हणूनच हे हाड मोडले तर त्याचे टोक त्वचेतून बाहेर येण्याची भीती जास्त असते. घोट्यावरही त्वचा अशीच पातळ असते.

आता समोरून येणारा खेळाडू पाहा. वजन 80 किलो, वेग सेकंदाला 5 मीटर. त्याच्याजवळ सुमारे 1000 ज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. गुडघा वाकवून, पाय जमिनीलगत ठेवून तो घसरत आला तर यातली बरीच ऊर्जा गवतावर आणि त्याच्या स्वतःच्या स्नायूंत जिरते. पण पाय ताठ आणि बुटाचा तळ पुढे असेल तर सगळ्या शरीराचा भार बुटाखालच्या काही खुंट्यांवर, म्हणजे स्टडवर येतो. जागा कमी, म्हणून दाब प्रचंड.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याला धडक बसते त्याचा पाय हवेत आहे की जमिनीत रुतलेला? हवेतला पाय धक्क्याबरोबर मागे जातो. रुतलेल्या पायाला जायला जागा नसते. मग तो मोडतो, पिळवटतो किंवा सांधा निखळतो. नडगीवरचे शिनगार्ड खरचटणे आणि मुका मार कमी करते, पण घोटा आणि गुडघा त्याच्या बाहेरच असतात, आणि अशा जोराच्या धडकेपुढे त्याचा फारसा टिकाव लागत नाही.

पहिला बचाव: ‘हेतू नव्हता’

23 फेब्रुवारी 2008 रोजी बर्मिंगहॅम सिटीच्या मार्टिन टेलरच्या टॅकलमध्ये आर्सेनलच्या एदुआर्दोच्या डाव्या पायाचे हाड मोडले आणि घोटा निखळला. त्याला पुन्हा मैदानात उतरायला जवळजवळ एक वर्ष लागले. 27 फेब्रुवारी 2010 रोजी स्टोक सिटीच्या रायन शॉक्रॉसच्या टॅकलने 19 वर्षांच्या ॲरन रॅमझीच्या उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. शॉक्रॉस रडत मैदानाबाहेर गेला.

ते अश्रू खरेच होते आणि दोघांचाही पाय मोडण्याचा हेतू नव्हता, हे मी मानतो. म्हणून काय? हेतू हा माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न आहे. रेफ्रीने निकाल द्यायचा असतो तो कृतीवर. सिग्नल तोडून भरधाव जाणाऱ्याचाही कोणाला उडवण्याचा हेतू नसतो. तरी आपण त्याला ‘चांगल्या घरचा मुलगा आहे’ म्हणून सोडत नाही. या दोन्ही सामन्यांत रेफ्रीने लाल कार्ड दाखवले आणि ते योग्यच होते.

दुसरा बचाव: ‘चेंडू आधी लागला’

2 एप्रिल 2025, ॲनफिल्डवर लिव्हरपूल विरुद्ध एव्हर्टन. जेम्स टार्कोव्स्कीने चेंडू मारला आणि त्याच जोरात त्याचा बूट ॲलेक्सिस मॅक ॲलिस्टरच्या नडगीवर गेला. रेफ्रीने पिवळे कार्ड दिले, व्हिडिओ पाहणाऱ्या व्हीएआरनेही ते कायम ठेवले. लाल कार्ड द्यायला हवे होते, हे पंचांच्या संस्थेने नंतर मान्य केले.

चेंडूचे वजन अर्ध्या किलोपेक्षाही कमी. तो लाथाडून पुढे जाणाऱ्या 80-90 किलोच्या माणसाची ऊर्जा त्या स्पर्शाने कितीशी कमी होणार? मागे राहिलेला सगळा जोर समोरच्या पायातच जातो. चेंडूला आधी स्पर्श झाला याचा अर्थ टॅकल वेळेवर होते एवढाच. सुरक्षित होते असा त्याचा अर्थ होत नाही.

तिसरा बचाव: ‘त्याला काही झालेच नाही’

मॅक ॲलिस्टरचे नशीब बलवत्तर. चार दिवसांनी तो फुलहॅमविरुद्ध खेळला आणि त्याने गोलही केला. म्हणजे टॅकल सौम्य होते का? त्याआधी 17 मार्च 2013 रोजी विगनच्या कॅलम मॅकमॅनामनचा बूट न्यूकासलच्या मसादिओ हैदाराच्या गुडघ्यावर बसला होता. हैदाराला स्ट्रेचरवरून न्यावे लागले, पण गुडघा वाचला. मॅकमॅनामनला कार्ड नाही. पुढे फुटबॉल असोसिएशननेही कारवाई केली नाही. कारण काय, तर मैदानावरच्या एका पंचाने ती धडक काही अंशी पाहिली होती!

पाय काही सेंटिमीटर इकडे पडला किंवा क्षणभर आधी उचलला गेला, म्हणून लिगामेंट वाचते. हा योगायोग आहे. त्याचे श्रेय टॅकल करणाऱ्याला देऊ नका. दारू पिऊन गाडी चालवणारा रोज सुखरूप घरी पोचतो, म्हणून त्याची सवय सुरक्षित ठरत नाही.

चौथी चूक: जखम पाहून शिक्षा

आता माझ्याच बाजूच्या लोकांना सांगतो. 3 नोव्हेंबर 2019 रोजी टॉटनहॅमच्या सॉन ह्युंग-मिनने एव्हर्टनच्या आंद्रे गोमेसला मागून पाडले. तोल जाऊन गोमेस दुसऱ्या खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा मोडून निखळला. रेफ्री मार्टिन ॲटकिन्सन यांनी आधी पिवळे कार्ड काढले. गोमेसच्या पायाची अवस्था दिसल्यावर ते लाल झाले. दोनच दिवसांत अपिलावर ते रद्द झाले, आणि बरोबरच झाले. ते टॅकल बेफिकीर होते, पण घोटा मोडला तो पडतानाच्या विचित्र अवस्थेमुळे.

8 एप्रिल 1996 रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर कोव्हेंट्रीच्या डेव्हिड बस्टचा पाय असा मोडला की पुढे जखमेत जंतुसंसर्ग होऊन त्याची कारकीर्दच संपली. तिथे कोणाचाही फाउल नव्हता. भीषण इजा म्हणजे गुन्हा नव्हे आणि इजा नाही म्हणजे निर्दोष नव्हे. हे दोन्ही एकदम मान्य करायची तयारी असेल, तरच आपला वाद प्रामाणिक आहे.

मग रेफ्रीने काय करावे?

रेफ्रीला एकाच कोनातून, सेकंदाच्या आत पाहून निर्णय द्यायचा असतो. त्याची चूक मी समजू शकतो. माझी तक्रार व्हीएआरच्या खोलीबद्दल आहे. प्रीमियर लीगमध्ये 2019-20 पासून व्हीएआर आहे. तरी 17 ऑक्टोबर 2020 रोजी एव्हर्टनचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड व्हर्जिल व्हॅन डाइकच्या पायात घुसला, तेव्हा शिक्षा झाली नाही. व्हॅन डाइक ऑफसाइड होता म्हणून पेनल्टी नाही, हे ठीक. पण ऑफसाइड असलेल्या माणसाचा गुडघा मोडायचा परवाना नियम देत नाही. लाल कार्ड तेव्हाही देता येते. व्हॅन डाइकच्या गुडघ्याचे एसीएल लिगामेंट दुखावले, शस्त्रक्रिया झाली आणि उरलेला सगळा हंगाम हातचा गेला.

‘चूक अगदी उघड असेल तरच हस्तक्षेप’ हे व्हीएआरचे सूत्र इतर वादांत शोभेल. सुरक्षिततेच्या प्रश्नात ते मला मान्य नाही. छातीत दुखणारा रुग्ण आला तर ‘हार्ट अटॅक अगदी उघड दिसेल तेव्हाच ईसीजी काढू’ असे आम्ही म्हणत नाही. संशय आला की तपासतो. इथेही तेच हवे. टॅकल धोकादायक असल्याचा संशय असेल तर रेफ्रीला स्क्रीनपाशी बोलवा. जोर ठरवायला नेहमीच्या वेगाने दाखवा, बूट कुठे लागला ते पाहायला संथ गतीने. फक्त थिजवलेले चित्र दाखवू नका, त्यात कोणतीही धडक राक्षसी दिसते.

‘लाल कार्डाने सामन्याचा विचका होतो’ हा आक्षेप खोटा नाही. चुकीचे कार्ड संघाला महागात पडते. पण सॉनचे कार्ड अपिलात रद्द झाले. फ्रॅक्चरविरुद्ध अपील करायची सोय कुठे आहे? मोडलेला घोटा जुळला तरी पुढे काही वर्षांनी त्याच सांध्याला संधिवात होऊ शकतो. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. ‘खेळ मवाळ होईल’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. खांद्याला खांदा भिडवणे, वेळेवर घसरत येऊन चेंडू काढून घेणे हा फुटबॉलचा प्राण आहे, तो राहिलाच पाहिजे. ताठ पायाने स्टड पुढे करून येणे हे कौशल्य नव्हे.

तुमच्या मुलांसाठी

रात्री टीव्हीवर जे ‘जबरदस्त टॅकल’ म्हणून वाखाणले जाते, ते सकाळी टर्फवर मुले करून पाहतात. तिथे ना व्हीएआर, ना स्ट्रेचर. म्हणून पुढचा वाद घालताना मुलांदेखत हे प्रश्न विचारा: वेग किती होता? पाय ताठ होता की वाकलेला? बुटाचा तळ पुढे होता का? कुठे लागला, आणि समोरच्याचा पाय जमिनीत रुतलेला होता का? निकाल यांवरून द्या, जर्सीच्या रंगावरून नको.

आणि मैदानावर कोणाचा पाय मोडलाच, तर:

- पाय ओढू नका, चोळू नका, ‘बसवायचा’ प्रयत्न करू नका. हाडवैद्याकडे नेऊ नका.
- आहे त्याच स्थितीत लाकडी पट्टी किंवा पुठ्ठ्याचा आधार द्या. उघडी जखम स्वच्छ कापडाने झाका.
- बोटे पांढरी, निळी किंवा गार पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली तर रक्तपुरवठा धोक्यात असू शकतो. एक मिनिटही दवडू नका.
- खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.
- 108 ला फोन करा आणि अस्थिरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या.

टॅकल पाहताना ‘काय झाले?’ याच्या आधी ‘काय होऊ शकले असते?’ हे विचारायला शिका. इंग्लंडमधल्या रेफ्रींकडून माझी तीच अपेक्षा आहे आणि तुमच्याकडूनही.