स्मरणचित्रातली मंडई

'भाजीबाजार' हा शासकीय रेखाकला परीक्षांतील स्मरणचित्राचा जुना, हुकमी विषय. डोक्यावर पदर घेतलेली भाजीवाली, तिच्या हातात तराजू, पुढ्यात वांग्या-टोमॅटोंचे ढीग, पिशवी धरलेले गिऱ्हाईक आणि मागे एक मोठी छत्री. विद्यार्थ्याने हे दृश्य बाजारात पाहिलेले असतेच असे नाही. मार्गदर्शक पुस्तिकेवरून अथवा फळ्यावरील नमुन्यावरून ते पुष्कळदा घोटून घेतलेले असते. इंटरमीजिएटच्या श्रेणीला दहावीत जादा गुण मिळत असल्याने घोटण्यास कारणही भक्कम आहे. परंतु अशा स्मरणचित्रातून स्मरण नाहीसे होऊन केवळ पाठांतर उरते, याची खंत निदान कलाशिक्षकांना तरी वाटावयास हवी.

वस्तुतः जागेवर जाऊन रेखाटण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. मुंबईची महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे लोकांच्या तोंडचे क्रॉफर्ड मार्केट, 1869 मध्ये उभी राहिली. 1857 मध्ये स्थापन झालेली सर ज. जी. कलाशाळा तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मंडईच्या प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची उठावशिल्पे याच कलाशाळेत शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांची. पुढे उत्तर हिंदुस्थानात हिंडून त्यांनी कारागिरांना त्यांच्या कामाच्या जागी रेखाटले. याच शाळेतून घडलेले म. वि. धुरंधर यांनी मुंबईच्या गल्लीबोळांवरील एडवर्ड्स यांच्या 1912 च्या पुस्तकासाठी चित्रे काढली. सिअ‍ॅटलमधील पत्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी 2007 मध्ये शहर-रेखाटनाची जी चळवळ सुरू केली, तिचाही पहिला नियम हाच, की चित्र जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहून काढावयाचे. मुंबई-पुण्यातही आता असे गट आहेत.

मंडईत वही उघडून बसणाऱ्याची पहिली दहा मिनिटे फजितीचीच जातात. कोथिंबिरीवर पाणी शिंपडता शिंपडता विक्रेता तिसऱ्याच गिऱ्हाइकाला भाव सांगत असतो. त्याचा हात कागदावर उतरेपर्यंत खांदा वळलेला असतो. काय ठेवावे आणि काय सोडावे हे त्या क्षणी ठरवावे लागते, आणि चित्रकलेचे अर्धे शिक्षण तेथेच आहे. डोक्यावर पाटी घेतलेल्या हमालाची मान ताठ असते, गुडघे किंचित वाकलेले असतात. ते ओझे जमिनीपर्यंत कसे उतरते, हे कोणतीही पुस्तिका सांगत नाही. तराजूच्या जागी कित्येक गाळ्यांवर विजेवरचा काटा आला, परीक्षेतली भाजीवाली मात्र अजून तराजूच धरून बसली आहे! क्रॉफर्ड मार्केटचा फळांचा घाऊक व्यापार 1996 मध्ये वाशीला गेला. त्यापूर्वी कोणी तेथे तारीख घालून वहीत काही रेखाटले असेल, तर त्या पानांना आज दस्तऐवजाचे मोल आहे. छायाचित्र पुरेसे नाही काय, असे विचारले जाईल. छायाचित्रात न पाहिलेलेही आपोआप येते; जागेवरच्या रेखाटनात पाहिल्यावाचून सहसा रेघ उमटत नाही.

अडचणी आहेतच. चाळीस मुले भर गर्दीत नेणे शिक्षकाला परवडणारे नाही, आणि वाट अडवणारा चित्रकार धंद्याच्या वेळी कोणाला हवा असतो? तथापि दुपारी बाजार मंदावल्यावर आठ-दहा मुलांना तासभर नेणे अशक्य नाही. ज्याला रेखाटावयाचे त्याला आधी विचारावे, तो नको म्हणाला तर पुढे जावे, आणि चित्र झाल्यावर त्याला दाखवावे. विक्रेता हा प्लॅस्टरचा नमुना नव्हे. आपले नाक कसे चुकले आहे हे तो बहुधा शिक्षकाच्या आधी सांगेल.

कला संचालनालयाने स्मरणचित्राच्या उत्तरपत्रिकेबरोबर, विद्यार्थ्याने वर्षभरात जागेवर काढलेल्या दहा रेखाटनांची वही मागवून पाहावी. तारीख आणि ठिकाण लिहिलेल्या त्या पानांवर पाण्याचे डाग असतील, प्रमाणे चुकलेली असतील. तपासावयास ती वही अवघडच जाईल, कारण दोन मुलांच्या भाजीवाल्या एकसारख्या निघणार नाहीत.